मामांचा निळा शर्ट आणि बारावं पान

प्रिय मामा,

तुम्हाला वाकून आणि मामींना त्याहून जरा जास्त वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझा खोकला गेला, शिंका आहेत.

आधी कामाचं. मुलाखतीसाठी नेलेला तुमचा निळा शर्ट परत करतोय, याच पाकिटात आहे. (धुऊ नका. इस्त्री तर अजिबात नको.)

मामा, मी कलावंत झालोय. मला नोकरी दिली त्या बाई हाताने कागद करतात आणि त्याची पुस्तकं बांधतात. म्हणजे जुने सुती कपडे फाडायचे, भिजवायचे, यंत्रात कुटून लगदा करायचा, तो जाळीवर उचलायचा आणि वाळवायचा. पहिल्याच आठवड्यात मी जाळी उचलताना शिंकलो. कागदाला मधोमध भोक पडलं. बाई म्हणाल्या, "शिंकायचं असेल तर रस्त्यावर जा." पण एका गिऱ्हाइकाने नेमका तोच कागद नेला! मग मी पुस्तक शिवलं, ते चारही बाजूंनी. उघडेना. (सातवीपर्यंत मला अशीच पुस्तकं हवी होती, तेव्हा कोणी दिली नाहीत.)

त्यानंतर प्रदर्शनाचं काम आलं. बारा पानांचं मोठं पुस्तक, बाईंची वर्षाची मेहनत. अकरा पानं भिंतीवर वाळत होती. बारावं मी मागच्या दाराच्या रिकाम्या चौकटीवर ताणून लावलं, वारा चांगला येतो म्हणून. डोकं बघा माझं! तेवढ्यात पोस्टमनने बाहेरून पत्र पुढे केलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत पानातून आत आला. हातात पत्र कोणाचं? तुमचं! "लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, मामीने स्वतः शिवलेला तो शर्ट घालूनच फोटो काढायचाय, ताबडतोब पाठव." म्हणजे मामा, दोष कोणाचा हे मी बोलत नाही, पण पत्र तुमचं होतं.

बाई म्हणाल्या, "परवापर्यंत पान नाही, तर तूही नाहीस." आणि घरात चिंधी शिल्लक नाही. पुन्हा गावी येऊन तुमच्या दुकानात खिळे मोजत बसायचं? पण मी काहीतरी जुळवलं आणि पान झालं. बाई ते उजेडात धरून बघतच राहिल्या. "हा निळा कुठून आणलास रे?" मी म्हटलं, "घरातलाच आहे." नोकरी राहिली.

तुमचा, तुमच्यावर गेलेला
भाचा

ता. क. मामा, बसून वाचा. शर्ट तुमच्या हातात आहे. तुम्ही वाचताय तो कागद म्हणजेच शर्ट. बाराव्या पानाला लागला तेवढा लागला, उरलेला प्रामाणिकपणे परत केलाय. उजव्या कोपऱ्यात गडद दिसतो तो खिसा. चार बटणं सोबत आहेत. पाचवं अजून यंत्रात आहे, खडखड ऐकू येते.

ता. क. दुसरा. प्रदर्शनात लोकांना तो निळा फार आवडला. बाईंना तसंच अख्खं पुस्तक करायचंय. त्याच कापडाची पँटही होती ना तुमची? पाठवा. चेन तेवढी काढून.

ता. क. तिसरा. मामींनी विचारलंच तर सांगा, शर्ट पोचला, घडी घालून कपाटात ठेवलाय. यात एक शब्द खोटा नाही.