रोटी लांबवणारा हात

८ मार्च

नळ्या निघाल्या! पंधरा दिवस कमरेला बाटली बांधून फिरले, आज मोकळी. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'ऑपरेशनपासून सहा आठवडे वजन उचलायचं नाही. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा.' पाठीचं मांस पुढे आणून उजवी छाती बांधली आहे. कॅन्सरने नेली, मी परत आणली. यात लपवायचं काय?

१० मार्च

वेणीपर्यंत हात जात नाही. नवऱ्याने घालून दिली. उमेंद्रची वेणी म्हणजे बैलाला दावं बांधल्यासारखी! दोघंही हसलो. मग मी रडले.

११ मार्च

रुख्माकाकी आल्या. लग्नघरी लांब रोट्या करणारी आमची चौघींची टोळी, त्या म्होरक्या.

'कायले केलंस वो हे? दोन लेकरं झाले. आता कोनाले दाखवतेस?'

'मले. आरशात.'

मग खोदून खोदून विचारत बसल्या — गाठ केवढी होती, दुखत होती का, पहिल्यांदा कशी समजली. गावभर सांगायला मसाला हवा ना! उठताना म्हणाल्या, 'दामिनीच्या लग्नात तुझ्या जागी मंगलीले घेऊन राहिली. तुझा हात आता रोटीचा नाही राहिला.'

गावातलंच लग्न, १९ एप्रिलला. बघतेच!

१२ मार्च

हात पोचला तिथे भिंतीवर कोळशाची रेघ. खांद्याएवढी.

२३ मार्च

रेघ कानापर्यंत. पदर खोचताना एक गंमत कळली — हात आवळला की नवी छाती टुणकन हलते. पाठीचा स्नायू तो, जुनं काम विसरला नाही. बोट लावलं तर मात्र काहीच कळत नाही. बधिर. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल

वेणी. माझी मी! वाकडी आहे. असू दे.

९ एप्रिल

सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर होकार दिला, 'पण बेताने.' चुलीवर मडकं उलटं घातलं. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि हात उंच करून मडक्यावर सोडायचा — नऊ वर्षं हेच केलंय. पहिली रोटी फाटून चुलीत. दुसरी राखेत. उमेंद्र म्हणाला, 'राहू दे ना, काऊन जिवाले तरास करून राहिली?' म्हटलं, पाणी आण आणि गप्प बस. सातवी मडक्यावर पडली. भोकं होती. दोघांनी मिळून खाल्ली.

१९ एप्रिल

गेले! टोळीत नाव नव्हतं, तरी दामिनीच्या बापाकडे, मनोहरलालभाऊंकडे, वेगळी चूल मागितली. पंचवीस रोट्या केल्या. एकही फाटली नाही. मंगलीने टाळ्या वाजवल्या. रुख्माकाकी मात्र दहा रोट्यांतच उठल्या. डावा हात वर नेताना ओठ चावत होत्या. 'भाजला,' म्हणाल्या. मला मनातून बरं वाटलं.

२० एप्रिल

रुख्माकाकी परसदारातून आल्या. माझा हात ओढून आपल्या पदराखाली नेला. कणकेत राहिलेली गुठळी बोटांना कळते, तशी गाठ कळली.

'दिवाळीपासून आहे,' म्हणाल्या.

उद्या सकाळच्या गाडीने नागपूर. दोघी. पिशवी मी उचलणार.