नवाकोरा पडका मठ

३ सप्टेंबर १७६४
आज यॉर्कहून सर एव्हरार्डांच्या वाड्यावर कामाला पोचलो. हवा छान, बिअर त्याहून छान आणि मालक एक नंबरचे मूर्ख. हल्ली बड्यांच्या बागांत खोटे भग्नावशेष बांधायची टूम आहे; ह्यांना तळ्याकाठी सहाशे वर्षांचा मठ हवाय, तोही पडका, आणि नाताळचे पाहुणे यायच्या आत! म्हणाले, "जोसाया, कमान अशी मोड, की बघणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजेत." मी मान डोलावली. वीस वर्षं गवंडीकाम करतोय, असलं रडकं गिऱ्हाईक पाहिलं नाही.

१२ सप्टेंबर
दगड जुनाच हवा म्हणून मालकांनी गावचं छोटं चर्च पाडलं. खरं जुनं पाडून खोटं जुनं बांधायचं, काय ही अक्कल! तिथे फरशीखाली पुरलेल्यांचे नावं कोरलेले थडग्याचे दगडही त्यात आलेत. नावं आतल्या बाजूला करून मी ते भिंतीत बसवतोय. हेस्टर पिकर्सगिल नावाची म्हातारी येऊन तणतणली, "मेल्या, माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर काढलंत, आणि आता मुद्दाम भोकं ठेवतोस?" मी म्हटलं, आजी, मेलेल्याला पाऊस लागत नाही. ती म्हणाली, लागतो. गावंढळ माणसं, दुसरं काय.

२६ सप्टेंबर
कमान उभी राहिली. सुरेख. मग हातोडा घेऊन मीच अर्धी पाडली आणि शेवाळ धरावं म्हणून वर ताक फासलं. सर एव्हरार्ड लांबून बघून खरोखरच रडले. मला मात्र स्वतःची लाज वाटली.

२७ सप्टेंबर
सकाळी कमान पुरी होती. चुना ओला. गावकऱ्यांचा खोडसाळपणा म्हणावा, तर त्या अडाण्यांना इतका बारीक सांधा कुठून जमणार? परत पाडली.

३० सप्टेंबर
रोज पाडतो, रोज सकाळी पुरी. आज दगडांवर खूण सापडली. प्रत्येक गवंडी आपल्या दगडावर आपली खूण कोरतो. इथे जुनं वाटावं म्हणून मालकांनी मनाई केलीय, मी एकही कोरलेली नाही. तरी खूण माझीच आहे. मालक ओरडले, काम लांबवतोस? उद्या पुरी दिसली तर यॉर्कात तुला चुना कालवायलाही कुणी ठेवणार नाही. मी हात खिशात घातले. नखांत चुना होता.

४ ऑक्टोबर
खोलीला बाहेरून कडी लावून घेतली होती. तरी भिंत वाढली. छपराची तुळईसुद्धा चढलीय. ती एकट्याला उचलत नाही. दुसरं टोक कुणीतरी धरलं असणार.

५ ऑक्टोबर, दुपार
मठाच्या आत येऊन बसलोय. जो येईल त्याची मानगूट धरून मालकांपुढे उभा करतो.

धुकं. बाहेरून हेस्टर हाका मारतेय — बाहेर ये रे पोरा, त्या पुरलेल्यांना गवंडी हवाय —

दार होतं तिथे भिंत. थापी माझ्या हातात. कधी घेतली —

कुणीतरी दगड पुढे करतंय. एकामागून एक. बोटं गार —

एकच भोक उरलंय. तेवढ्याच उजेडात लिहितोय. दगड टाकून द्यावा, ओरडावं — देवा, हात ऐकत नाही. आणि कड किती नीट बसतेय. असा सांधा मी उभ्या जन्मात कधी —