जानेवारीचं पान

२ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
उद्यापासून रोज पहाटे पाचला उठणार. बांधावर जाणार. सूर्योदय टिपणार.
कारण नोंदवून ठेवतो. आमची मच्छीमार सोसायटी यंदा कॅलेंडर काढते आहे. जानेवारीच्या पानावर नवेगावच्या बांधाचा, म्हणजे आमच्या तलावाचा, सूर्योदय हवा आहे. फोटो गावातल्या कुणीही द्यावा. खाली काढणाऱ्याचं नाव छापणार.
चौतीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांच्या नावांवर शिक्के मारले. स्वतःचं 'केशोराव' हे नाव छापील अक्षरांत कधी पाहिलं नाही. लग्नपत्रिकेत होतं, पण तिथं 'केशवराव' झालं. गावात सगळे 'मास्तर' म्हणतात.
नागपूरच्या पुतण्याचा जुना कॅमेरा घरात आहे. गावात दुसऱ्या कुणाकडे कॅमेरा नाही. म्हणजे पान माझंच. फक्त सूर्य उगवायचा राहिला आहे. फॅमिली ग्रुपवर कळवून टाकलं.

३ नोव्हेंबर, रात्री ८.४०
अलार्म हळू वाजला. अनुसयाबाई म्हणते, तिनं तीनदा उठवलं आणि मी तिन्ही वेळा 'हो' म्हणालो. झोपेतल्या माणसाचा 'हो' धरतात का? पस्तीस वर्षांच्या संसारात एवढं कळायला हवं होतं. पहिला दगा घरातूनच.
दिवस वाया घालवला नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्योदयांवर इंटरनेटवर मोठा लेख सापडला. समुद्राजवळ काय असतं? पाणी आणि काठ. बांधालाही तेच आहे. टिपा वहीत उतरवल्या. क्षितिज सरळ हवं. फोरग्राउंडला काहीतरी हवं. पाऊण तास आधी पोचावं. भरती-ओहोटीचं टाइमटेबल जवळ ठेवावं.

५ नोव्हेंबर
भरतीची चौकशी केली. मच्छीमार सुकरामचा डोंगा, म्हणजे लहान होडी, बांधावर असतो, त्याला विचारलं, पाणी केव्हा चढतं. तो म्हणाला, पाऊस आला का चढते. आणि उतरतं केव्हा? तर म्हणाला, धानाले पानी सोडलं का उतरते. म्हणजे आमच्याकडे ओहोटी पाटबंधारे खात्याच्या हाती आहे. टाइमटेबल मागणारा अर्ज लिहून ठेवला.
फोरग्राउंडला सुकरामलाच घ्यायचं ठरवलं. सायंकाळी जाळी टाकायला जातो, पहाटे काढायला जातो. दोन्ही वेळा पाण्यातच. सोयीचं आहे. त्याला सांगितलं, मी हात वर केला की हलायचं नाही. तो म्हणाला, मासोळीलेबी सांगून ठेवा.

९ नोव्हेंबर
आज गेलो. सहा पन्नासला बांधावर हजर. सूर्य अर्ध्या तासापूर्वीच उगवून मोकळा. मी निघालो आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं.
सुकराम घरी गेलेला. पाण्यावर दोन बदकं होती, त्यांचीही माझ्याकडे पाठ.
दुपारी जेवायला ताजे मासे. या आठवड्यात तिसऱ्यांदा. अनुसयाबाईला बाजारात हल्ली चांगला माल मिळतो असं दिसतं. या घरात माझ्या मेहनतीची एवढी तरी कदर होते आहे.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७.५०
आज उठलो, पण मोबाइल बघता बघता उजाडलं. साडभाऊंचा, म्हणजे अनुसयाबाईच्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोटो आला होता. खेमराज रत्नागिरीकडे शाळामास्तर आहेत, अकरा वर्षं झाली. फोटोत समुद्र, नारळाची दोन झाडं, पाण्यावर लालबुंद सूर्य. खाली लिहिलं होतं, 'आजचा सूर्योदय. सुप्रभात.' सगळ्या नातेवाइकांनी अंगठे दाखवले. अनुसयाबाईनंसुद्धा.
मी आतून पेटलो आहे. उद्या साडेचारचा अलार्म.

१५ नोव्हेंबर
साडेचार फारच लवकर असतं.

१७ नोव्हेंबर, रात्री
मोठा शोध.
सूर्य कुठून वर येतो याचा नकाशा काढत होतो. पोस्टातला जुना महाराष्ट्राचा नकाशा समोर होता. बोट फिरवता फिरवता रत्नागिरीवर आलो. समुद्र डावीकडे. म्हणजे पश्चिमेला. पश्चिमेला सूर्य उगवतो का?
साडभाऊंनी सूर्यास्त काढून सूर्योदय म्हणून पाठवला. सगळ्या कुटुंबाला. सकाळी, सुप्रभात म्हणून.
ज्या माणसाच्या लग्नात मी स्वतः वाढायला उभा होतो, त्यानं हे करावं? ग्रुपवर लिहिलं की चूक माफ करता येते, निसर्गाशी बेइमानी नाही. जो सूर्याच्या बाबतीत खोटं बोलतो तो शाळेत मुलांना काय शिकवत असेल? अनुसयाबाई म्हणाली, पुसून टाका. मी पुसलं नाही.
सायंकाळी खेमराजांचं उत्तर आलं. 'चुकलं दादा. सकाळी उठणं होत नाही.' पुढं हात जोडलेले. कबुलीसुद्धा किती सहज. अशा माणसांना लाज कशी वाटत नाही?

२२ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस. पाच चाळीसला बांधावर.
धुकं. इतकं की ट्रायपॉडचा तिसरा पाय दिसेना. तो चिखलात गेला होता. पाण्यातून सुकरामचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता. काठावर एक बाई त्याच्याशी मासोळीच्या भावावरून हुज्जत घालून हसत होती. हसणं ओळखीचं वाटलं. धुक्यात सगळंच ओळखीचं वाटतं.
पन्नास फोटो काढले. सगळे पांढरे.
घरी आलो तर अनुसयाबाई मासे साफ करत होती. तिनं विचारलं, काही दिसलं का. मी म्हणालो, तुला नाही कळायचं ते.

३० नोव्हेंबर
आढावा. अठ्ठावीस सकाळी झाल्या. अलार्मनं सतरा वेळा घात केला. सहा वेळा मी पोचण्याआधी सूर्य आला. तीन वेळा ढग, एकदा धुकं, एकदा बॅटरी.
माझी चूक: शून्य.

८ डिसेंबर, सायंकाळी ६.३०
परवा फोटो द्यायची शेवटची तारीख.
आज सहज सायंकाळी बांधावर गेलो होतो. आणि काय तो देखावा. टेकडीमागे सूर्य, पाण्यावर तांबूस पट्टा, मधोमध सुकराम. क्षितिज सरळ. फोरग्राउंड भक्कम. आयुष्यातला सर्वात चांगला फोटो आला.
शांतपणे विचार केला. सूर्य एकच आहे. वर जाताना आणि खाली येताना त्याचा आकार बदलत नाही. फोटोत दिशा दिसत नाहीत. आणि मी महिनाभर पहाटे उठायचा मनापासून प्रयत्न केला आहे. ती मेहनत तर सकाळचीच ना?
खेमराजांची गोष्ट वेगळी. त्यांनी फसवायचं ठरवून केलं. माझा नाइलाज आहे.

१० डिसेंबर
फोटो दिला. पाकिटावर लिहिलं: 'सूर्योदय. छाया: केशोराव.' तीनदा वाचून पाहिलं. शोभतं आहे.
ग्रुपवर कळवलं की जानेवारीचं पान नक्की. खेमराजांनी अभिनंदन केलं. मी बाकी सगळ्यांचे आभार मानले.

१५ डिसेंबर, रात्री
सगळं लिहून ठेवतो.
आज सोसायटीत निवड होती. अध्यक्ष लालसिंग, सात-आठ मच्छीमार, आणि चहा आणायच्या निमित्तानं आलेलं अर्धं गाव. फोटोग्राफीतलं कळणारा एकही नाही, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. फोटो टेबलावर मांडले होते. चार मोबाइलवरचे, सगळे दुपारचे. पाचवा माझा.
लालसिंगनं विचारलं म्हणून दोन शब्द बोललो. पहाटेची थंडी, बधिर झालेली बोटं, पाण्यातून वर येणारा तो पहिला किरण. लोक पुढं सरकून ऐकत होते. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.
मग सुकरामनं फोटो हातात घेतला. मला वाटलं, स्वतःला पाहून खूश होईल.
तो म्हणाला, "मास्तर, हे सायंकाळचं हाये."
मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, बघा तुमी. सगळे टेबलावर वाकले.
"जाळं कोरडं हाये. डोंग्यात घडी करून ठेवलं हाये. सकाळी मी ओलं जाळं उचलतो, त्यात मासोळी राहते. इथं मी जाऊन राहिलो, येऊन नाई राहिलो."
मी म्हणालो, एखाद्या सकाळी जाळं कोरडंही असू शकतं. यावर सात मच्छीमार एकदम हसले. म्हातारीनं डोळ्यावरचा पदर काढला आणि तीही हसली.
ज्याला मी फोरग्राउंड दिला, त्यानं हे करावं?
लालसिंग सज्जन माणूस. म्हणाला, मास्तर, फोटो बेस हाये, डिसेंबरले लावू, सूर्यास्त म्हणून. मग सगळ्यांना विचारलं, पन सकाळचा फोटो हाये का कोनाकडं?
सुकराम म्हणाला, "मास्तरच्याच घरी हाये."
मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, बाईकडं हाये, मोबाइलात. रोज येते मासोळी घ्याले. मास्तर उठत नाई, आन मी तर उठूनच बसली, मग कायले परत झोपाचं, म्हनते.
अनुसयाबाई मागं बायकांत बसली होती. पुढं आली, मोबाइल दिला. ओलं जाळं, त्यात चमकणारी मासोळी, वाकलेला सुकराम, मागं पाण्यातून निघालेला सूर्य. क्षितिज थोडं वाकडं आहे. कुणालाच दिसलं नाही.
महिनाभर मी ते मासे खात होतो.

१६ डिसेंबर
मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तीन डाव उठवून तर सांगत होती रोज, आनखी कसं सांगाचं?
आज वरण-भात.

१८ डिसेंबर
घरातल्या कुणीतरी ग्रुपवर सगळं कळवलं. खेमराजांचा खासगी मेसेज आला. 'दादा, मनाला लावून घेऊ नका. आपण दोघं सारखेच.' हा सर्वात मोठा अपमान.

३० डिसेंबर, सायंकाळी
कॅलेंडर आलं. सोसायटीनं घरी आणून दिलं.
जानेवारी. सूर्योदय. छाया: अनुसयाबाई. ठळक अक्षरांत, एकही चूक नाही.
पानं उलटत डिसेंबरपर्यंत गेलो. फोटो सुरेख छापला आहे, रंगसुद्धा उतरले आहेत. मग चष्मा पुसून खालची ओळ वाचली.
'सूर्यास्त. छाया: अनुसयाबाईंचे यजमान.'
लगेच लालसिंगकडे गेलो. तो म्हणाला, छापखान्यातून फोन आला तवा पाकीट सापडेना, तुमचं नाव आठवेना. मास्तर लिवलं असतं, तर शाळेतले चार मास्तर भांडाले आले असते. आता कोनाची चूक होत नाई, सगळे ओळखतात.
अनुसयाबाईनं कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलं आहे. माझं पान भिंतीकडे तोंड करून सर्वात मागं. अकरा महिने अवकाश आहे.
ठरवलं. एक तारखेपासून पहाटे पाच. पुढच्या वर्षीचं जानेवारीचं पान माझं. अलार्म लावला. अनुसयाबाईलाही सांगितलं की उठव.
ती म्हणाली, "उठवीन. पन माझ्या जागेवर उभे नोका राहू."