नळी निवळली ती सकाळ

माय, परवा शहाद्याच्या लॅबमधल्या पोरीने माझ्या लघवीत एक रंगीत पट्टी बुडवली, बघितली आणि म्हणाली, "ठीक आहे आजी." एवढंच. मला हसूच आलं. तुझी सकाळची धांदल आठवली.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. दोन्ही गालांवर लाल चट्टा, सांधे धरलेले, सकाळी डोळे सुजलेले. डॉक्टरांनी रक्त मुंबईला तपासून घेतलं आणि लुपस या आजाराचं नाव आपल्या ब्राह्मणपुरीत आलं. "हा मूत्रपिंडांवर उतरला तर पोरीला आधी काही कळणार नाही, लघवीत दिसेल," असं सांगून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तुला काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि ॲसिडची बाटली दिली. रोज सकाळी नळीतली लघवी तापवायची, ॲसिडचा थेंब टाकायचा. पांढरा ढग तसाच राहिला तर दुखणं आत शिरलं.

वारा लागू नये म्हणून तू दिवा स्वयंपाकघरातच मांडलास आणि माझ्या भावंडांना अंगणात पिटाळलंस. आजी दारातून ओरडते, "सैपाकना घरमा मूत उकायस का वं?"

"तुमनीच नातनं शे, आत्याबाई," तू म्हणतेस, आणि आजी पदराआड हसते. भाकरीची परात मात्र उचलून नेते.

होळीच्या तोंडावर नळी पांढरी झाली. मी तर अंगणात उड्या मारत होते. बाबा म्हणाले, "पोर नाची ऱ्हायनी, आनि तुले दवाखाना सुचस?" तू नळी फडक्यात गुंडाळलीस आणि मला घेऊन एस्टीत बसलीस. कंडक्टरने विचारलं, "काय शे त्यामा?"

"मन्ही आंडेरनी तब्येत," तू मला, तुझ्या लेकीला, पुढे करत म्हणालीस.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. त्यांनी गोळ्या वाढवल्या. गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं फुगलं, मीठ बंद झालं. माझ्यासोबत तूही अळणी भाजी खायचीस आणि वर "काय चव शे!" म्हणायचीस.

मग एका सकाळी ढग आलाच नाही. तू पुन्हा तापवलीस. नाहीच. नळी उन्हात धरून तू गल्लीला हाक मारलीस, "दखा वं, दखा! पानी शे पानी!" शेजारणी एकमेकींच्या खांद्यांवरून माझी लघवी बघताहेत, बाबा गूळ वाटताहेत, मी लाजेने चूर. पुढे डॉक्टरांनी रोजची तपासणी आठवड्यावर आणली.

हे पत्र कुठे टाकणार? राहील उशाखाली. पण एक सांगते. एवढ्या भावंडांत तू एकट्या माझी असायचीस ती त्या दिव्यापाशीच. सगळी गल्ली हसत होती ना, तेव्हा मी मनातून जराशी हिरमुसले होते.