आठ मुली, आठ रीड

मास्तर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी शाळेतून निवृत्त होऊनही झाली, तरी परवा खालच्या वरातीत एक क्लॅरिनेट किंचाळली आणि मी गॅलरीतून ओरडले, "अहो, रीड बदला तिची, ती ओठातली वेताची पट्टी!" शेजारीण पोट धरून हसली. हे खूळ तुमचंच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कॉन्व्हेंटमध्ये मी गणित शिकवायची आणि मुलींचा बँडही माझ्याच गळ्यात होता. आठ नव्या कोऱ्या क्लॅरिनेट, आठही फुसफुसायच्या नाहीतर किंचाळायच्या. सिस्टर म्हणाल्या, पंधरा ऑगस्टला असंच वाजलं तर क्लॅरिनेट कपाटात आणि मुलींच्या हातात पुन्हा खुळखुळे. मी आठ पेट्या रिक्षात कोंबून भद्रकालीत तुमच्या बँडच्या दुकानात आले. तुम्ही एकेक वाजवून पाहिलीत. "बाई, वाद्यं झकास हायेत. पोरी आणा." पोरी आणल्या, तर तुम्ही प्रत्येकीच्या हातात चहाची बशी दिलीत! आमच्याकडे बशीतून पिणं म्हणजे जवळजवळ पाप. मी उसळले, "मास्तर, आम्ही मुलींना मॅनर्स शिकवतो." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मला ओठ बघायचेत बाई, मॅनर्स नाय."

अजून दिसतं. आठ जणी रांगेत उभ्या आहेत, फुर्र फुर्र आवाज करत मजेत पिताहेत आणि तुम्ही दाताच्या डॉक्टरासारखे वाकून बघताय. पातळ ओठांच्या मुलीला दीड नंबरची मऊ रीड. दात पुढे असलेलीला वेगळाच माऊथपीस, तुमच्या जुन्या डब्यातून शोधून काढलेला. एकीला मी आवाजावरून रोज रागवायची, तिला अडीच. "हिचा दम मोठा हाय. हिला गप करत जाऊ नका," हे तुम्ही माझ्याच मुलींसमोर मला सुनावलंत! मी चिडून विचारलं, "सगळ्यांना सारखंच का नाही?" "वर्गात सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा लावता काय?" राग आहे तो त्याचाच.

पंधरा ऑगस्टला एकही किंचाळली नाही. सिस्टरनी तिथल्या तिथे बँडला नवे युनिफॉर्म जाहीर केले. बँडचा लाल कोट घालून तुम्ही फाटकाशी उभे होता. "झकास," म्हणालात, आणि लगेच, "पण शिकाऊ पोरींना तीन नंबरच्या कडक रीड कोणी दिल्या हो? घोड्याचा दम लागतो. दुकानदारानं फसवलं तुम्हाला." मी म्हटलं, "हो ना, काय एकेक माणसं असतात!" पुढे कितीतरी वर्षं, दुकानात आले की आपण दोघं मिळून त्या दुकानदाराचा उद्धार करायचो.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. तो बिचारा दोन नंबरच म्हणत होता. मी हट्टानं तीन मागवल्या. गणिताची बाई मी. मला वाटलं, तीन म्हणजे दोनपेक्षा चांगली.