देवीच्या मुखवट्यातली चांदी

६ फेब्रु.
बाबा गावाहून आले ते थेट कॉलेजात, माझ्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. रुमालात देवीच्या मुखवट्याचा तुकडा, मागच्या कडेचा. गुरवाने कौल लावला, देवीने उजवा दिला, म्हणजे होकार, मगच कापला म्हणे. गेल्या शिमग्याआधी बाबांनीच पुढे होऊन सोनाराकडून मुखवटा नवा करून घेतला. आता गावात कुजबुज, बाबांनी चांदी खाल्ली. म्हणाले, "तूच तपास गो. शंभरात ब्याण्णव निघेल. मग बघतो एकेकाला." मीही शहाणी, लगेच हो म्हटलं.

९ फेब्रु.
अर्धा ग्रॅम नायट्रिक आम्लात विरघळवला. निळं झालं. ब्याण्णव टक्क्यांना इतकं निळं? तांबं फार दिसतंय. मिठाचं पाणी घातल्यावर पांढरा साका, सिल्व्हर क्लोराइड. चांदी सगळी त्यातच उतरते. गाळून, धुऊन ओव्हनमध्ये ठेवला.
बाबांचा फोन. "काय झाला?"
म्हटलं, वाळतोय.

१० फेब्रु.
साका ०.४०० ग्रॅ. १४३.३ भाग साक्यात चांदी १०७.९, म्हणजे ०.३०१. अर्ध्या ग्रॅमला साठ टक्के. साठ! ब्याण्णवला साका ०.६१ तरी भरायला हवा होता. मुलांना हेच गणित वर्षानुवर्षं शिकवते. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, साठच. सोनाराने फसवलं की... नाही लिहवत. तोही दुकान मोडून कुठे गेला कोण जाणे. देवीने कौल तरी कशाला दिला.

१३ फेब्रु.
उरलेल्या तुकड्यावर परत केलं. तेच.
बाबा फोनवर, मी न विचारता: "तुझ्या आयशीचे चांदीचे तोडे पण मी त्यात घातलेले. देवीच्या अंगावर राहतील म्हटला."
मला कधी बोलले नव्हते. आई गेल्यावर ते तोडे मी घरभर शोधले होते. रडायचीही सोय नाही, मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं.

१५ फेब्रु.
उद्या गावकीची बैठक. बाबा पुन्हा लॅबमध्ये. साठ सांगितले. स्टुलावर बसले. मग गाळून ठेवलेल्या निळ्या पाण्याकडे बोट करून म्हणाले, "यात राहिली असेल. अजून जरासा मीठ घाल गो."
घातलं. चांदी राहिली असती तर गढूळ झालं असतं. गढूळ हो गं बाई, म्हणून देवीची विनवणी केली मनात. मी, केमिस्ट्रीची बाई.
पाणी नितळच.
"आणखी घाल," म्हणाले.