बाबा पायपेटीवरून उठले

प्रिय धाकट्या,

आधी हे सांगते की घरी सगळं ठीक आहे. बाबांची तब्येत उत्तम आहे, छप्पर जागेवर आहे आणि माझ्या हातून कोणाचा खून झालेला नाही. माझं पत्र आलं की पाकीट फोडायच्या आधी तू बसायला खुर्ची शोधतोस, हे मला ठाऊक आहे. पण यावेळी खरंच बसून घे, कारण गोष्ट लांबलचक आहे आणि तिच्यात तू आहेस. तुला पत्ताही नाही, पण येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तू घरी येतोयस. तुझ्या स्वागताची जोरदार तयारी चालू आहे. तुझी खोली रंगवून झाली. रंग कुठला ते विचारू नकोस, रंगाऱ्याकडे दुसऱ्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला उरला होता आणि त्यानं तो प्रेमानं दिलाय.

हे कसं झालं ते क्रमानं सांगते. चर्चमधली प्रवचनानंतरची उपकारस्तुतीची वेळ तुला आठवत असेलच. ज्याच्या घरी काही चांगलं घडलं असेल त्यानं उठायचं, दोन शब्दांत देवाचे आभार मानायचे आणि बसायचं. यातलं बसायचं तेवढं आपल्या मंडळीत कोणाला जमत नाही. निवृत्त पोस्टमास्तर गुडघ्याच्या दुखण्यापासून सुरुवात करतात आणि सगळ्या नातेवाइकांच्या घरी एकेक फेरी मारून परत गुडघ्यावर येतात. अशा वेळी पायपेटी वाजवणाऱ्या बाबांचं खरं काम सुरू होतं. बोलणारा लांबला की बाबा पायपेटीचा भाता हळूच दाबायला लागतात. आधी एक सूर, मग दोन, आणि तरीही माणूस ढिम्म हलला नाही तर सरळ पुढच्या गीताचं पहिलं कडवं. भल्याभल्यांना त्यांनी असं सुरात खाली बसवलंय. त्यामुळे ते स्वतः आजवर कधी उठले नव्हते. मला नोकरी लागली तेव्हा नाही, आई जायच्या आधी एकदा दुखण्यातून उठली तेव्हाही नाही. आपल्याला खाली बसवायला पेटीवर कोणी नाही, म्हणून आपण उठणं बरं नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

तर या महिन्यात एका रविवारी बाबा पेटीवरून उठले. मला वाटलं पायात गोळा आला. पण ते कठड्याला धरून उभे राहिले, तुझ्याबद्दल एक वाक्य बोलले, देवाचे उपकार मानले आणि खाली बसले. पुढचं गीत सुरू करायला ते विसरले. पोस्टमास्तर रुमाल काढून रडत होते, पण ते कशानेही रडतात. उपासना संपून लोक दाराशी पोचेपर्यंत एकमतानं ठरून गेलं होतं, की त्यांचा मुलगा परत येतोय.

तू हसशील, पण त्यांच्या जागी जाऊन बघ. आपल्याकडे लोक आभार मानतात ते घडलेल्या गोष्टींचे. ताप उतरला, घर भाड्यानं मिळालं, हरवलेलं मांजर सापडलं. काही घडलं नसताना कोणी नुसताच उभा राहून आपल्या मुलाबद्दल आभार मानील, हे कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यात उठले कोण, तर बाबा. ज्या माणसाला उठायला एवढी वर्षं लागली, तो काही मांजरासाठी उठणार नाही. पाळकबाईंनी माझा हात धरून विचारलं, कधी येतोय. मी भांबावून म्हटलं, बघू या. त्यावर त्याच म्हणाल्या की पहिल्या रविवारी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, म्हणजे तेव्हाच येत असणार. झालं, तारीख ठरली.

बाबांनी तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता, असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण बाबांना हल्ली एक नवीन खोड लागलीय आणि ती त्यांच्या आड येते. ते आभार मानतात. देवाचे तर आधीपासून मानायचेच, आता माणसांचे मानतात, आणि तोंडदेखले नाही, अगदी सविस्तर. रंगारी शिडी घेऊन दारात आला, तेव्हा मी मागून खुणा करत होते की आता सांगा. बाबांनी सुरुवात केली ती शिडीपासून. एवढं ओझं चढणीवरून आणलंस, आपलं काम टाकून आलास, परवा माझ्या खिडकीची कडी बसवून दिलीस तेव्हाही बोलायचं राहिलं. या सगळ्यातून ते मूळ मुद्द्यावर यायच्या आत एक भिंत रंगवून झाली होती. गायनमंडळाच्या बाईंचं तेच. त्या तुझ्यासाठी चार आवाजांत एक नवीन गीत बसवतायत हे सांगायला आल्या आणि बाबांनी त्यांचे, त्यांच्या चारही आवाजांचे आणि सराव सहन करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचे आभार मानले. पाळकसाहेबांनी त्या दिवशीच्या प्रवचनाला बायबलमधला, घर सोडून जाऊन बापाचा पैसा उधळणाऱ्या मुलाचा दाखला निवडलाय. मी त्यांना म्हटलं की आमच्या मुलानं काही उधळलेलं नाही, जाताना बिचारा स्वतःची उशीसुद्धा घेऊन गेला नाही. ते म्हणाले, असा तपशील प्रवचनात चालून जातो.

आता या खोडीबद्दल. ती कुठून लागली ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. तू गेल्यावर काही दिवस आमचं जेवण फार गुपचूप व्हायचं. बाबा डोळे मिटून प्रार्थना करायचे, आमेन म्हणायचे आणि खाली मान घालून जेवायचे. मग एक दिवस आमेननंतर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, आणि तुझेही आभार. मी इतकी दचकले की डाव माझ्या हातातून सूपात पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सूप करपलं त्या दिवशीही आभार मानले. मी म्हटलं, बाबा, आज राहू दे, आज देवाचेसुद्धा मानू नका. तर म्हणाले, करपायलाही कोणीतरी शेगडीपाशी उभं असावं लागतं. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ते पाववाल्याकडे गेले. चांगला पाव करतोस, किती वर्षं खातोय, कधी बोललो नाही. पाववाल्याला वाटलं म्हातारा निरोप घ्यायला आलाय. त्यानं दुकान बायकोवर सोडलं आणि त्यांना हाताला धरून घरापर्यंत आणलं, वर मला बाजूला घेऊन विचारलं की डॉक्टर काय म्हणतात. मी काय सांगणार? बाबा तोवर आत जाऊन दुरुस्तीला आलेल्या कोणाच्या तरी शिलाई मशीनला तेल घालत बसले होते. तेवढ्यात मशीनच्या मालकीणबाई आल्या, तर नीट वापरल्याबद्दल त्यांचे आभार. दुरुस्तीवाला आपले आभार मानतो म्हणजे मशीन गेलंच, असं समजून ती बाई खुर्चीतच बसली.

तू घर सोडलंस त्या दिवशीच्या जेवणाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. मी टाळलं, कारण भांडण माझ्यावरून झालं होतं आणि मला ते कोणी विचारलं नव्हतं. मी दवाखान्यातून येऊन, उभ्या उभ्या सगळं करून वाढलं होतं, बाबांनी डोळे मिटले आणि तू मिटले नाहीस. तू म्हणालास की ताई तासभर शेगडीपुढे उभी आहे आणि या घरात आभार मानताना कोणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. बाबा म्हणाले, माझ्या टेबलावर देवाच्या आधी कोणाचं नाव येणार नाही. तू म्हणालास, आधी नको, पण नंतर तरी येऊ दे. आणि मग तुम्ही दोघंही असं काही बोललात की तू ताट तसंच ठेवून निघून गेलास. मला तुमचा दोघांचाही राग आला होता. एवढं केलेलं गार झालं, आणि ज्या मुलीच्या बाजूनं तू भांडलास तिनंच ती सगळी भांडी घासली, हे तुझ्या लक्षात आणून द्यायचं फार मनात होतं. पण आता तू तिथे हॉटेलच्या स्वयंपाकघरात दिवसभर लोकांसाठी रांधतोस आणि दाराआडून ताटं परत येताना बघतोस. तू काय म्हणत होतास ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

मी काही बाबांसारखी नाही. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. माणसं किती मनापासून प्रार्थना करू शकतात ते मी रोज बाकावर बघते, आणि दाढ काढून झाली की किती लवकर विसरतात तेही. माझी स्वतःची प्रार्थना त्याच जातीची आहे. हवं असलं की हात जोडते, मिळालं की पर्स उचलून निघते. म्हणून मला या सगळ्याची धास्ती वाटत होती. परवा मी बाबांना सरळ विचारलं, की पहिल्या रविवारी सगळे पानं मांडून बसतील, चार आवाजांतलं गीत होईल आणि तो आलाच नाही तर काय करणार? सगळ्यांसमोर तुमची शोभा होईल. बाबा मशीनचा पट्टा बसवत होते. म्हणाले, मी देवाकडे मागितलं कुठे होतं? मागितलं असतं तर मिळालं नाही म्हणून शोभा झाली असती. मी मिळालेल्याबद्दल बोललो. तो आला तरी मिळालेलाच आहे आणि नाही आला तरी. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की पण पानं किती मांडणार आहेत, कारण आपण तेवढ्या सगळ्यांचे आभार मानायचे म्हटले तर संध्याकाळ होईल.

मी विचारलं, मग हे तुम्ही त्याला कळवत का नाही? तर म्हणाले, नको, बोलावल्यासारखं होईल, त्याच्यावर ओझं पडेल. देवानं ऐकलंय, पुरे आहे. आणि इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. देवानं ऐकलं, पाळकसाहेबांनी ऐकलं, पोस्टमास्तरांनी रडून रडून ऐकलं. फक्त ज्याच्याबद्दल होतं त्यानं ऐकलं नाही. ते तुझ्यापर्यंत पोचवायचं म्हणून मी हे पत्र लिहितेय, बाबांना न सांगता. त्या रविवारी ते कठड्याला धरून म्हणाले होते: “प्रभू, माझ्या ताटामागे कोणाचे हात असतात ते माझ्या मुलानं मला दाखवलं आणि मी त्याला उपाशी उठू दिलं, त्या मुलाबद्दल तुझे उपकार.” एवढंच. आता तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मंडळीला मी सांभाळून घेईन. पण आलास तर जेवण तू करायचंस. आम्ही दोघं टेबलापाशी बसू, डोळे मिटून आमेन म्हणू, मग डोळे उघडू आणि तुझ्याकडे बघू.

तुझीच,
ताई